आधी पाटल्या परत करा

कधी कधी लग्न मोडायला वर्षही लागत नाही. मे महिन्यात अक्षता पडतात, दिवाळसण कसाबसा पार पडतो आणि पहिली संक्रांत यायच्या आत मुलगी माहेरी परतलेली असते. मग नातेवाईक विचारू लागतात, "चूक कुणाची?" हा त्यांच्या कुतूहलाचा प्रश्न. ज्यांचं मोडलंय त्यांच्यापुढे भलतेच प्रश्न असतात. पदवीची प्रमाणपत्रं त्या घरात राहिलीत. पासपोर्ट सासूबाईंच्या कपाटात. पाटल्या-तोडे लॉकरमध्ये, किल्ली नवऱ्याकडे. भाड्याच्या फ्लॅटचं डिपॉझिट तिच्या खात्यातून गेलंय, करार त्याच्या नावाने. किंवा दुसऱ्या बाजूने बघा: त्याने लग्नाआधी पाच वर्षं हप्ते भरून टूबीएचके घेतलाय आणि आता मेहुणा फोनवर दम देतोय, "अर्धा फ्लॅट नावावर कर, नाहीतर छळाचं चारशे अठ्ठ्याण्णव लावतो."

मला आज एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. थोडक्यात आटोपलेल्या लग्नात दुसऱ्याचं सामान ओलीस धरणं बंद झालं पाहिजे. "आधी सही दे, मग दागिने ने" हे वाक्य चांगल्या शिकल्यासवरल्या घरांत, समोर चहाचे कप ठेवून बोललं जातं आणि मध्यस्थीला बसलेले काका-मामा माना डोलावतात. त्यांना तो व्यवहार वाटतो. कायद्याच्या नजरेत तो गुन्हा ठरू शकतो.

सामानाचा प्रश्न इतका चिघळतो, कारण कायदा थांबायला लावतो. हिंदू विवाह कायद्याखाली लग्नाला वर्ष होईपर्यंत घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही. फार मोठ्या हालअपेष्टा असतील तरच न्यायालय अपवाद करतं. परस्परसंमतीने वेगळं व्हायचं तर आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग अर्ज, मग आणखी सहा महिने. नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्यांनाही विशेष विवाह कायद्यात जवळपास हेच वेळापत्रक आहे. म्हणजे सहा महिन्यांचा संसार कागदोपत्री संपायला सहज दोन वर्षं. या दोन वर्षांत प्रमाणपत्रांवाचून नोकरी अडते, लॅपटॉपवाचून काम अडतं, आणि सोनं ज्याच्या हातात आहे त्याचा आवाज रोज चढत जातो.

यात एक फट आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते शेवटचे सहा महिने माफ होऊ शकतात. त्याला अटी आहेत. दोघं पुरेसा काळ आधीच वेगळे राहत असावेत, समेटाची आशा संपलेली असावी आणि पोटगीसकट सगळे वाद खरोखर मिटलेले असावेत. दागिने अडवून बसलेल्या माणसाला वाटतं की आपण हुकमाचा एक्का धरून ठेवलाय. प्रत्यक्षात तो स्वतःचीही सुटका लांबवत असतो.

आता स्त्रीधन. लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर मुलीला मिळालेल्या भेटी तिच्या एकटीच्या मालकीच्या असतात. माहेरच्यांनी दिलेल्या आणि सासरच्यांनी घातलेल्याही. मुलाकडच्यांना हे दुसरं पचत नाही. "मंगळसूत्र आम्ही केलं, ते आमचं" असं सांगतात. तिच्या गळ्यात घातलं, ते तिचं झालं. सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालीच स्पष्ट केलं की नवऱ्याकडे किंवा सासरी ठेवलेलं स्त्रीधन हा फक्त विश्वासाने सोपवलेला ठेवा असतो. मागूनही परत दिला नाही, तर फौजदारी विश्वासघात. पूर्वी त्याला भारतीय दंड संहितेचं कलम 406 होतं, आता भारतीय न्याय संहितेचं 316 आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यातही दंडाधिकारी स्त्रीधन परत करण्याचा आदेश देऊ शकतात. मुस्लिम घटस्फोटितेला 1986 च्या कायद्याने मेहेरबरोबरच लग्नाच्या आधी, लग्नात आणि नंतर नातलगांनी, मित्रमंडळींनी, नवऱ्याने दिलेलं सगळं परत मागता येतं.

कायदा असा धडधडीत बाजूने असूनही काय होतं, हे केरळातल्या एका खटल्याने दाखवलं. लग्न 2003 सालचं. मुलीच्या अंगावर 89 सोव्हरिन सोनं, म्हणजे आपल्या हिशेबाने साठ तोळ्यांवर. तिच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्याच रात्री नवऱ्याने "सुरक्षित राहतील" म्हणून सगळे दागिने घेतले आणि आईकडे दिले. ती कौटुंबिक न्यायालयात जिंकली, उच्च न्यायालयात हरली, आणि 2024 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल देऊन 25 लाख रुपये द्यायला सांगितलं. स्त्रीधन ही नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता होत नाही, असंही बजावलं. पण त्या महिन्याच्या भावाने तेवढं सोनं घ्यायला याहून कितीतरी जास्त पैसे लागले असते. दोन दशकं गेली आणि हाती आली ती सोन्याच्या किमतीहून कमी रक्कम. "सुरक्षित राहतील" या दोन शब्दांची ही किंमत. नवीन सुनेचे दागिने पहिल्या आठवड्यात सासूच्या लॉकरमध्ये जाणं ही आपल्याकडेही सर्रास रीत आहे. मला ती मान्य नाही. कमावत्या मुलीने स्वतःच्या नावाने लॉकर घ्यावा, आणि ते सासरच्यांनी मनाला लावून घेऊ नये.

लॉकर दोघांच्या नावाने असेल आणि कुणाही एकाला तो उघडायची मुभा असेल, तर त्यातला एकजण तो रिकामा करू शकतो, हे लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या सूचनांनुसार लॉकर उघडला की त्याच दिवशी ग्राहकाला एसएमएस आणि ईमेल जायला हवा. तेव्हा बँकेत नोंदलेला मोबाइल नंबर आपलाच आहे ना, हे आज तपासा. लग्नाच्या गडबडीत सगळीकडे "यांचा नंबर द्या" झालेलं असतं.

मग न्यायालयात मुख्य प्रश्न येतो: दिलं काय होतं? इथे आपण सपशेल हरतो. मंगल कार्यालयात स्टेजच्या बाजूला एक काका वही घेऊन बसलेले असतात. पाकिटावरचं नाव वाचतात, नोट मोजतात, "श्री. व सौ. अमुक, 501" अशी नोंद करतात आणि पाकीट पिशवीत टाकतात. पुढे त्यांच्याकडच्या कार्यात तेवढाच आहेर गेला पाहिजे म्हणून. पाचशे एकची नोंद राहते. साडेचार तोळ्यांच्या पाटल्यांची राहत नाही. काही भागांत तर लग्न ठरवतानाच "याद्या" होतात. कुणी कपडे करायचे, कुणी भांडी, कुणी जेवण, सगळं दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर लिहिलं जातं. यादी करण्याची लाज आपल्याला कधीच नव्हती. घेण्याची यादी आपण बिनदिक्कत करतो. मिळालेल्याची यादी करायला सांगितलं की म्हणतो, "आत्तापासूनच अविश्वास?"

ही दुसरी यादी कायद्यातच आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 चा. त्याखाली 1985 साली भेटवस्तूंच्या याद्यांचे नियम झाले. वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूने ठेवायची, वराला मिळालेल्यांची वराने. लग्नाच्या वेळी, नाहीतर त्यानंतर शक्य तितक्या लवकर. लेखी हवी. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, आणि तो नातेवाईक असेल तर नातं. खाली वधू-वर दोघांच्या सह्या. एवढंच. पानभर काम आहे. चाळीस वर्षं हा नियम पुस्तकात आहे आणि मी आजवर जेवलेल्या एकाही पंगतीत त्या यादीवर सही होताना पाहिलेली नाही. छायाचित्रकाराला लाखभर रुपये देतो, पुरोहितांना विडा-दक्षिणा देतो, या कागदाला पाच मिनिटं देत नाही.

आता तर सोन्याची ओळख पटवणंही सोपं झालंय. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी लागतो. पाटलीच्या आतल्या बाजूला भिंग लावून बघा, लेझरने कोरलेला बारीक कोड दिसेल. प्रत्येक नगाचा वेगळा. तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की दागिन्याची नोंद समोर येते. पावती, हा कोड आणि अंगावर दागिना असलेला लग्नातला फोटो, या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर "एवढं घातलंच नव्हतं" म्हणायला जागा राहत नाही. आणि "पन्नास तोळे होते" असं खोटं म्हणायलाही राहत नाही. तेही होतं. दहा तोळ्यांचे चाळीस करणारे वडील आणि त्यांना तसा सल्ला देणारे वकील या राज्यात आहेत. फुगवलेली यादी उलटतपासणीत फाटते आणि तिच्याबरोबर मुलीचे खरे दहा तोळेही संशयात जातात. मुलीच्या बापांनी हे पाप करू नये.

घराबद्दल दोन गैरसमज समोरासमोर उभे असतात. एकाला वाटतं, सात फेरे घेतले की अर्धा फ्लॅट माझा. दुसऱ्याला वाटतं, फ्लॅट माझ्या आईच्या नावावर आहे, तेव्हा उद्या सकाळी कुलूप बदलतो. दोन्ही चूक.

महाराष्ट्रात लग्न केल्याने जोडीदाराच्या घरात मालकी हक्क तयार होत नाही. दस्तावर नाव ज्याचं, घर त्याचं; दुसऱ्याने पैसे घातले असतील तर ते त्याने सिद्ध करायचे. पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देणारं दुरुस्ती विधेयक 2013 साली राज्यसभेने मंजूर केलं होतं, पण लोकसभेत ते मंजूर झालं नाही आणि 2014 मध्ये सभागृहाची मुदत संपताच बारगळलं. तेव्हा लग्नाआधी घेतलेल्या घराच्या मालकाने घाबरून ते रातोरात भावाच्या नावावर करू नये. न्यायालयाला अशी घाई बरोबर ओळखू येते आणि मग खऱ्या हक्काकडेही लोक संशयाने बघतात. लग्नाआधीचे हप्ते कुठल्या खात्यातून गेले त्याचे उतारे जपा, ते पुरे आहेत.

राहण्याचा हक्क मात्र वेगळा. 2005 च्या कायद्याखाली ती ज्या घरात संसार करत होती, तिथून तिला कायदेशीर प्रक्रियेशिवाय हुसकून लावता येत नाही. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरीसुद्धा. हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं आणि त्याआधीचा 2006 चा आपलाच उलटा निकाल मोडीत काढला. हा हक्क डोक्यावरच्या छपराचा आहे, सातबाऱ्याचा नाही. सासू-सासऱ्यांची मालकी कायम राहते आणि त्यांच्या उतारवयाचा विचारही न्यायालय करतं. दोन्ही बाजूंनी एवढं समजून घेतलं तर पोलीस ठाण्यातली निम्मी भांडणं कमी होतील.

गोव्यात गणित पूर्ण वेगळं. तिथे 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेचा वारसा अजून चालतो. लग्नाआधी नोटरीसमोर वेगळा करार केला नसेल, तर लग्नाबरोबर दोघांची मालमत्ता एकत्र होते, आधीचीसुद्धा, आणि वेगळं होताना निम्मी-निम्मी. संसार चार महिन्यांचा असला तरी. म्हापशाच्या किंवा मडगावच्या घरात लग्न करून जाणाऱ्या आणि तिथून सून आणणाऱ्या प्रत्येकाने नोंदणीच्या आधी हे वाचलं पाहिजे. महाराष्ट्रात अशा विवाहपूर्व करारांना न्यायालयं सहसा भीक घालत नाहीत. गोव्यात ते कायद्याचाच भाग आहेत.

नव्या जोडप्यांतली कितीतरी भाड्याने राहतात आणि तिथे वाद डिपॉझिटचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. त्यात दोघांचीही नावं घाला. डिपॉझिट कुणाच्या खात्यातून गेलं हे लिहा. घरमालक पैसे परत करताना करारातलं नाव बघतो, तुमच्या भावना बघत नाही, आणि त्याने तसंच करायला हवं.

घर दोघांच्या नावाने कर्जावर घेतलं असेल तर ते सगळ्यांत अवघड. घटस्फोटाचा हुकूमनामा बँकेवर बंधनकारक नसतो. बँकेच्या लेखी दोघंही पूर्ण कर्जाचे देणेकरी. "फ्लॅट तुझा, हप्ते तुझे" असं आपापसांत लिहून एकजण बाहेर पडला आणि दुसऱ्याने हप्ते चुकवले, तर सिबिल दोघांचा बिघडतो. म्हणून बँकेकडून एका कर्जदाराचं नाव लेखी कमी करून घ्या, नाहीतर राहणाऱ्याने नव्याने कर्ज काढून जुनं फेडावं. आणि हिस्सा सोडायचा ठरलाच असेल तर वेळ पाळा. महाराष्ट्रात राहत्या घराचं बक्षीसपत्र पती-पत्नीत केलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, स्थानिक उपकर आणि नोंदणीचा खर्च वेगळा. ही सवलत नवरा-बायकोला आहे. हुकूमनामा झाल्यावर तुम्ही नवरा-बायको राहत नाही. कर्ज चालू असेल तर बँकेची संमती आधी घ्यायची, हे विसरू नका.

2025 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयात अठरा महिन्यांच्या एका लग्नाची सुनावणी गाजली. मुंबईतला फ्लॅट, 12 कोटी रुपये आणि बीएमडब्ल्यू अशी मागणी होती, आणि इतकं शिकलेल्या बाईने स्वतः कमवावं असं तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांनी सुनावलं. त्या बातमीवर घराघरांत वाद झडले. मला चिंता वाटते ती बातमीत न येणाऱ्या जोडप्यांची, ज्यांचं भांडण मिक्सर, दुचाकीचं आरसी बुक आणि आजीच्या मोहनमाळेवर अडलेलं असतं.

ओळखीतल्या एका मुलीचं सामान आणायला मी सोबत गेले होते. हे नीट होऊ शकतं, एवढं तिथे पाहिलं. दोन्ही वकिलांनी मिळून यादी टाइप केली होती. एक चुलतभाऊ मोबाइलवर चित्रीकरण करत होता, दुसरा वाचत होता: पितळी समई, रुखवतातलं चांदीचं निरांजन, साडेपाच लिटरचा कुकर. कुकरची शिट्टी सापडेना, तर मुलाच्या आईने ओट्याखाली बसून ती शोधून दिली. मुलीने त्याचा टेलिस्कोप माहेराहून गाडीत घालून आणला होता. फ्रीज दोघांना मिळून भेट आला होता. दोघांना मिळून आलेल्या वस्तूंचा निवाडा हिंदू विवाह कायद्याच्या कलम 27 खाली न्यायालयही करू शकतं, पण इथे त्याने फ्रीज ठेवला आणि तिने वॉशिंग मशीन घेतलं. सोनाराकडून वजन करून आणलेले दागिने जेवणाच्या टेबलावर एकेक करून मांडले गेले. शेवटी दोघांनी प्रत्येक पानावर सही केली आणि तोच कागद पुढे संमतीच्या अटींना परिशिष्ट म्हणून लागला. सगळं दुपारच्या जेवणाआधी आटोपलं.

हे अर्ज दाखल करण्याच्या आधी झालं, म्हणून जमलं. वस्तू परत मिळाल्याची पावती हातात असल्यावर पोटगीची बोलणी माणसं माणसांसारखी करतात. असं समोरासमोर जमत नसेल तर वकिलाकडून यादीसह नोटीस पाठवा, कौटुंबिक न्यायालयात दागिन्यांचा दावा लावा, आणि तोवर त्या घरातून काहीही परस्पर उचलू नका. स्वतःची वस्तू असली तरी कुलूप फोडून आणलीत की चोरीच्या तक्रारीला तोंड देत बसाल.

एक छोटं काम राहून जातं. विमा, भविष्य निर्वाह निधी, म्युच्युअल फंड, डीमॅट, बँक खातं, सोसायटी: लग्नानंतर उत्साहाने सगळीकडे जोडीदाराचं नाव नॉमिनी म्हणून घातलेलं असतं. घटस्फोटाने ते आपोआप पुसलं जाईल या भरवशावर राहू नका. विम्याच्या कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून नॉमिनी असलेली पत्नी किंवा पती त्या रकमेचा नुसता सांभाळणारा उरत नाही, हक्कदार होतो. एक संध्याकाळ काढा आणि सगळी नावं बदला. त्याच संध्याकाळी ईमेलचे, बँकेचे पासवर्डही.

सरकारकडे माझी एक मागणी आहे. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा 1998 चा कायदा आहे. नोंदणीला जाताना आपण लग्नपत्रिका, फोटो, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे नेतो, साक्षीदारांना रजा घ्यायला लावतो, सह्या करतो. त्याच अर्जाला 1985 च्या नियमातल्या दोन याद्या जोडायची सोय करा, एक तिची, एक त्याची. एक प्रत कार्यालयात राहील, एकेक दोन्ही घरांत. नियम तयारच आहे. खिडकीमागचा जो कर्मचारी फोटोंचा आकार तपासतो, त्याने "याद्या आणल्यात का?" एवढं विचारायला सुरुवात करायची.